गोदावरीबाईंची एकवीस गाणी

अण्णांची नक्कल करायला लई सोपी. मान डाव्या खांद्यावर टाकायची, चष्मा कपाळावर चढवायचा, अन् समोरच्यानं तोंड उघडायच्या आत विचारायचं, "नाव ऱ्हाऊ दे. गाव कोणतं?"

एकदा मधल्या सुट्टीत ही नक्कल मी क्लासच्या पोरांना करून दाखवली. पोरं बाकावर आडवी झाली. मग एकदम गप झाली. मागं वळून बघतो तर दारात अण्णा. म्हणलं, झालं आपलं.

अण्णा म्हणाले, "मान आणखी थोडी खाली. अन् जोर 'गाव'वर दे, 'कोणतं'वर न्हाई."

असा माणूस.

लातूरात तेव्हा दर दुसऱ्या माडीवर एक क्लास अन् दर तिसऱ्या माडीवर एक मेस होती. आमच्या क्लासात डॉक्टर व्हायला पोरं यायची, पार किनवटपासून उदगीरपर्यंतची. मी शाळा शिकलो धर्माबादला, बी.एस्सी. झालो नांदेडला, अन् इथं येऊन प्रश्नपत्रिका टाइप करायला लागलो. प्रश्न दुसऱ्याचे, उत्तरं दुसऱ्याची, बोटं तेवढी माझी. त्याच खोलीत अण्णा बसायचे. पोरांच्या याद्या करणं हे त्यांचं काम. साठी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. एक चालणारं, अन् एक कुणी मागितलं तर द्यायचं.

पहिल्या दिवशी मलाही तेच विचारलं. "गाव?"

"धर्माबाद."

"म्हणजे मिरचीचा बाजार, तेलंगणाची शीव. तू मिरची. अर्धा तेलुगू. बस."

एवढ्यावर त्यांनी मला कायमचं एका खान्यात ठेवून दिलं. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं न्हाई. "ज्ञानोबा म्हणून हाक मार," ते म्हणायचे, "रस्त्यावरच्या पन्नास माना वळतेत. गावाचं नाव लावून मार, एकच वळती." आडनावाचा तर त्यांना रागच. "आडनावावरून लावायला ही काय मतदारयादी हाय का?"

आमचे संचालक सर दर रविवारी परीक्षा घ्यायचे अन् सोमवारी गुणांप्रमाणे पोरं बसवायचे. पहिला आलेला पहिल्या बाकावर, शेवटचा पंख्याचं वारं येत न्हाई तिथं. एका वर्षी दिवाळीच्या आधी अण्णांनी यादीच बदलली. तालुक्याप्रमाणे लावली. किनवट एक ओळ, अहमदपूर एक ओळ, हिमायतनगरच्या सहा पोरी एका ओळीत.

सर आले ते लालबुंद. "अण्णा, हे काय करून ठेवलंत? पहिला आलेला पोरगा सातव्या बाकावर?"

"सर, तो सातव्या बाकावरूनबी पहिलाच येतोय."

"अन् ह्या सहा पोरी एकाच जागी कशाला?"

"आपापल्या खोल्यांत वेगवेगळ्या रडायल्यात सर, जूनपासून. एकीला ठाऊक न्हाई की दुसरी तिच्या शेजारच्या गावची हाय. आता एका जागी रडतील अन् एकाच एसटीनं घरी जातील."

पुढच्या सोमवारी परत गुणांची यादी लागली ती लागलीच. पण दिवाळी झाल्यावर सहाच्या सहा पोरी परत आल्या. आदल्या वर्षी त्याच तालुक्याच्या दोघी सुट्टीला गेल्या त्या आल्याच नव्हत्या. सरांनी त्या दिवशी अण्णांना चहा पाठवला, अन् तोही बिनसाखरेचा, कारण अण्णांना साखर हाय हे सरांना तेव्हाच कुणीतरी सांगितलं असणार.

याद्यांचं हे वेड क्लासात लागलेलं न्हाई. ते आलं गाण्यातून. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी अण्णांचं निलंग्याकडं कॅसेटचं दुकान होतं. दुकान नावाला. शटर ओढायचं, टेपरेकॉर्डर पिशवीत घालायचा अन् लुनावर बसून गावोगाव फिरायचं. भजन, भारूड, गोंधळ, पंचमीला बायांची फेराची गाणी, जे कानावर पडंल ते भरून आणायचं. मग भूकंपात त्यांचं गाव गेलं. अण्णा गणपती विसर्जनाला लातूरला थांबले होते म्हणून वाचले, अन् कॅसेटीच्या दोन पेट्या बहिणीकडं होत्या म्हणून त्या राहिल्या. घरचं कोण कोण गेलं ते त्यांनी मला कधी सांगितलं न्हाई, अन् माझ्यासारख्या तोंडाळ माणसानंही कधी विचारलं न्हाई.

पुढं कॉम्प्युटर आला तसं अण्णांनी ते सगळं त्यात भरायला घेतलं. क्लासच्या मागं त्यांच्या दोन खोल्या. एकीत कॉम्प्युटर, त्याला वायरनं जोडलेला जुना टेप, अन् दोघांवर मिळून एक टॉवेल. कॅसेट वाजवायची, ती आत जायची, मग यंत्र विचारायचं की कलाकाराचं नाव काय. अण्णांनी पहिल्यांदा साध्या माणसासारखी नावं टाकली. यंत्रानं सगळे भजनी बुवा नेऊन 'ह' खाली बसवले, कारण सगळेच ह.भ.प.

"ह्या डब्याला वाटायलंय," अण्णा म्हणाले, "की ह.भ.प. नावाचा एकच माणूस हाय, अन् तो जेवायलाबी उठत न्हाई."

मग त्यांनी आपली पद्धत लावली. कलाकाराच्या खान्यात आधी गाव, मग माणूस. 'भालकी, बँडवाल्याचा थोरला.' 'देगलूर, तिठ्ठ्यावरचे मास्तर.' भूकंपानं जी गावं उठून दुसरीकडं वसली त्यांना दोन खाने, एक जुनं अन् एक नवं. एका बुवाची अर्धी भजनं जुन्यात अन् अर्धी नव्यात. मी म्हणलं, "अण्णा, बुवा तर एकच की." ते म्हणाले, "बुवा एकच. पण पत्र्याखाली म्हणलेलं भजन अन् दगडी देवळात म्हणलेलं भजन एक असतंय का?"

ज्या गाण्याला नाव मिळायचं न्हाई ते यंत्र आपणहून एका खान्यात टाकायचं. 'अननोन आर्टिस्ट.' हे दोन शब्द अण्णांना आईवरून दिलेल्या शिवीसारखे लागायचे. "अननोन कुणीबी नसतंय रे. आपल्याला ठाऊक नसतंय. त्याला त्या बिचाऱ्यानं काय करावं?"

तो खाना रिकामा करायला त्यांना आठ वर्षं लागली. जूनमध्ये प्रवेशाला गावोगावचे आईबाप यायचे. बाप फॉर्म भरायला वाकला की अण्णा त्याच्या कानात इअरफोन खुपसायचे. "औरादकडचे ना तुम्ही? ऐका बरं, हा कोण?" बाप घाबरायचा. त्याला वाटायचं, ही पण परीक्षाच. पण थोड्या वेळानं त्याचं तोंड फुलायचं. "अहो, हा आमच्या गावचा पोस्टमन! भारूडात बाई व्हायचा!" की अण्णांनी लगेच लिहून घेतलं. शेवटचं गाणं निघालं त्या दिवशी त्यांनी सगळ्या क्लासला बालुशाही वाटली. तो रिकामा खाना मात्र पुसला न्हाई. येईल त्याला उघडून दाखवायचे. "बघा. एकबी माणूस न्हाई."

अन् पुढच्याच जूनमध्ये सुरेखाताई आल्या.

पोरीचा प्रवेश घ्यायला आलेल्या, पस्तिशीच्या, हातात पिशवी. अण्णांनी सवयीनं विचारलं, "गाव?"

"हिमायतनगर."

"हे सासर का माहेर?"

बाई घुटमळल्या. "सासर तेच, अन् लहानाची मोठीबी तिथंच झाले, मामाकडं. माझं गाव भोगवाडी. भूकंपात गेलं. मी चार वर्षांची होते. आई-वडील त्यातच गेले."

अण्णांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. हे ते क्वचित करायचे.

"मामा म्हणतोय, आई पंचमीला गायची," बाई म्हणाल्या. "फोटो न्हाई तिचा. काहीच न्हाई. तुमच्याकडं गावोगावची गाणी हायत म्हणून कुणीतरी सांगितलं. म्हणलं, विचारावं."

"आईचं नाव?"

"शेवंता."

अण्णांनी खाना उघडला. भोगवाडी, जुनं. खाली एकच नाव, गोदावरीबाई, अन् त्या नावावर एकवीस गाणी. अण्णांच्या सगळ्या संग्रहात एवढी गाणी दुसऱ्या कुठल्याच बाईची नव्हती. ह्या गोदावरीबाईंचा त्यांना लई अभिमान.

"न्हाई ताई," ते म्हणाले. "भोगवाडीला मी एकदाच गेलो. सगळी गाणी ह्याच बाईंची. नाव मी समोर बसून विचारून लिहिलंय. तुमची आई ह्यात न्हाई."

बाईंनी मान हलवली. "बरं," म्हणाल्या. "पोरीकडं ध्यान ठेवा." अन् गेल्या.

मला काय दिसलं असेल तर ती पिशवी. बाईंनी जाताना ती पोटाशी धरली होती, बाजारात गर्दीत धरतेत तशी.

आता माझी खोड सांगतो. मला कुणाचाही आवाज ऐकला की तो काढून बघावा वाटतो. त्या आठवड्यात मी गोदावरीबाईंच्या मागं लागलो. गाणी मोबाइलवर घेतली अन् टाइप करता करता ऐकत राहिलो. पहिलं गाणं जमलं. चौथं काही केल्या जमंना. नक्कल आवाजाची करायची नसती, श्वासाची करायची असती. पहिल्या गाण्यात बाई ओळ संपल्यावर श्वास घेत होती. चौथ्यात ओळ संपायच्या आधीच, शेवटच्या शब्दाच्या तोंडावर. नवव्यात श्वास कुठं घेती तेच कळत न्हाई, म्हशीच्या पाठीवर बसल्यासारखी निवांत. अन् तेराव्यात दोन शब्दांत दोन श्वास.

मी अण्णांकडं गेलो. "अण्णा, तुमच्या गोदावरीबाई चार हायत."

"काय पिऊन आलास?"

"चहा. ऐका." अन् मी चौघींचे श्वास घेऊन दाखवले, एका मागून एक.

अण्णांनी मान डाव्या खांद्यावर टाकून ऐकलं. मग म्हणाले, "माझ्या हातानं लिहिलंय मी. समोर बसून." अन् टॉवेल टाकला कॉम्प्युटरवर.

तीन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. समोरासमोर बसून मला निरोप शिपाई मामांकडून. "त्या मिरचीला म्हणावं, पंखा कमी कर." पंख्याचं बटण त्यांच्याच हाताशी.

चौथ्या दिवशी आपणच बोलायला लागले, याद्यांकडं बघत. "पंचमी होती. अंगणात पंधरा-वीस बाया, फेर धरलेला. गाणी झाल्यावर मी म्हणलं, बायांनो, नाव सांगा, लिहून घेतो. कुणीबी सांगंना. सगळ्यांचे पदर तोंडात. मग मागून एक जण म्हणली, गोदावरीबाई लिहा की. सगळ्या हसल्या. मी लिहिलं."

"अंगण कुणाचं होतं?"

अण्णांनी हातातली यादी खाली ठेवली.

"गोदावरीबाईचं," म्हणाले. मग कपाळाला हात लावला. "बाया स्वतःचं नाव सांगत नव्हत्या रे तेव्हा. ज्या घरचं अंगण, त्या घरच्या बाईचं नाव पुढं केलं त्यांनी. मान म्हणून. अन् मी गाढव, तीस वर्षं तिला गायिका करून बसलो."

त्या दिवशी अण्णांनी एकवीस गाणी उचलून अननोन आर्टिस्टमध्ये टाकली. एकेक. मी म्हणलं, "अण्णा, सगळी एकदम उचलता येतेत." ते म्हणाले, "लिहिताना एकेकच लिहिली होती." आठ वर्षं झाडून काढलेला खाना त्यांनी स्वतःच्या हातानं भरला, अन् एका शब्दानंबी कुरकुर केली न्हाई. मग हिमायतनगरला फोन लावला.

"ताई, मी चुकलो. ह्यात तुमची आई असंल का ते मला ठाऊक न्हाई. पण मी 'न्हाई' म्हणायला नको होतं."

मी विचारलं, "गोदावरीबाई असतील का हो अजून?"

"कुणाला ठाऊक? जिचं नाव आपल्याला सापडलंय तिला शोधायला कोण जातंय?"

नव्या भोगवाडीच्या सरपंचाचा नंबर एका पोराच्या बापाकडून मिळाला. "गोदाआजी?" सरपंच म्हणाला. "जित्या हायत का म्हणून काय विचारायलाव? आज सकाळीच नळावरून भांडल्यात माझ्याशी."

रविवारी अण्णांनी रजा टाकली. परीक्षेच्या दिवशी अण्णांची रजा, संचालक सरांनी अर्ज दोनदा वाचला. सुरेखाताई आदल्या रात्रीच आल्या होत्या. आम्ही तिघं दहाच्या सुमाराला नव्या भोगवाडीत पोचलो. सरळ रस्ते, सारखी घरं, दारावर नंबर. सुरेखाताई इकडंतिकडं बघत होत्या, पण ओळखायला तिथं काही नव्हतंच. त्यांचं गाव हे नव्हतं.

गोदावरीबाई ओसरीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कडक. आम्ही येणार हे कळून आणखी सात-आठ म्हाताऱ्या जमलेल्या. अण्णांनी वाकून नमस्कार केला अन् लॅपटॉप उघडला. "गोदावरीबाई, तीस वर्षांपूर्वी मी आलो होतो. पंचमीला. तुमच्या नावावर माझ्याकडं एकवीस गाणी होती."

"माझ्या?" म्हातारी म्हणली. "मी कवा गायले?"

"नाव तुमचं सांगितलं होतं बायांनी."

"आरं लेकरा, माझा आवाज म्हशीवानी. फेरात मला कुणी घेत नव्हतं! मी तुला चहा केला व्हता. दोन कप पिलास, त्येबी लिवलास का न्हाई?"

ओसरी फुटली हसून. अण्णांचे कान लाल झाले. मग तेही हसायला लागले, अन् मी त्यांना तसं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं.

मग गाणी लावली. पहिल्या गाण्याला दोन ओळीही झाल्या न्हाईत तोच गोदावरीबाईंनी बोट दाखवलं. "ही कोंडाबाई." खांबाला टेकून बसलेल्या एका बाईनं तोंडावर पदर घेतला. "मीच की गं. आगं बया, दात होते तवा." नववं लागलं, सगळ्या एकदम म्हणल्या, "थोरल्या घरची यमुना." ती भूकंपात गेलेली. यमुनाबाई आपल्या निवांत गात राहिल्या.

अण्णांनी चौथं लावलं. माझ्याकडं बघितलं न्हाई, सुरेखाताईंकडं तर न्हाईच. स्क्रीनकडं बघत बसले. सुरेखाताईंनी पिशवी मांडीवर घेतली होती.

गोदावरीबाई पुढं झुकल्या. "थांब. परत लाव." परत लावलं. "ऐका गं. ही बघा, आपल्या आधीच सुरू करती. दर ओळीला. किती बोलायचो आपण तिला, आगं फेर सुटतोय, दम धर! उतावळी. कुणाच्या बापाचं ऐकायची न्हाई. ही शेवंता. सोपानाची बायको. हिची एक बारीक पोरगी व्हती, सदा काखेला."

"मी," सुरेखाताई म्हणाल्या.

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं. हात धरला अन् ओढून शेजारी बसवलं.

शेवंताबाईंची गाणी पाच निघाली. पाचही सुरेखाताईंनी ऐकली. संपल्यावर म्हणाल्या, "आवाज बारीकच होता की. मला वाटायचं, जाड असंल."

अण्णांनी टाइप करायला बोटं ठेवली. "काय लिहू ताई? सोपानाची बायको म्हणून लिहू?"

"शेवंता लिहा. नुसतं शेवंता."

"माझंबी लिव्हा मग," कोंडाबाई खांबापासून म्हणली. पदर तोंडावर नव्हता आता. "कोंडाबाई. मोठ्यानं सांगू का? कोंडाबाई!" तिच्या शेजारची म्हणली, "माझं कौसल्या." तिसरी म्हणली, "मी पारूबाई, लिवलंत का?" अण्णा गोंधळले. "अहो, थांबा, एकेक! ज्या गायल्या त्यांचीच लिहायची हायत!"

"मग गातो की आता," कौसल्याबाई म्हणली. "कुठं जायचंय तुम्हाला?"

"आधी मी," गोदावरीबाई म्हणाल्या. "समद्यांची नावं घातलीस अन् माझं तेवढं काढलंस. लाव ते मशीन."

अण्णांनी लावलं. म्हातारीनं डोळे मिटले अन् सुरुवात केली. आवाज खरंच म्हशीवानी होता, तिनं काही खोटं सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या ओळीला सगळ्या बाया मागं म्हणायला लागल्या, तसा तो त्यांच्यात कुठंतरी जाऊन बसला. कोंडाबाईनं सुरेखाताईंना कोपरानं ढोसलं, तूबी म्हण गं म्हणून. सुरेखाताईंना शब्द येत नव्हते. दोनदा पालुपद ऐकलं, ओठ हलवले. तिसऱ्या वेळेला गोदावरीबाई अजून श्वास घेत होत्या, बायांची तोंडं उघडायची होती, अन् सुरेखाताईंनी ओळ धरलीसुद्धा, एकटीनंच, सगळ्यांच्या आधी.

गाणं तिथंच मोडलं. गोदावरीबाईंनी त्यांच्या मांडीवर थाप मारली अन् ओरडल्या, "बघा गं! बघा! दम न्हाई!"

अण्णांनी रेकॉर्डिंग बंद केलं न्हाई. हसणंबी तसंच भरून घेतलं.